भाच्याच्या गाडीची हवा

नाही ओ वहिनी, हवा कुणी सोडत नव्हतं. ते आधी डोक्यातनं काढून टाका. समोरच्या पोरांचं नाव उगाच कॉलनीभर झालं आणि त्यांच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी एका शब्दानं काही बोलले नव्हते, पण भाचा माझा ना, मग बिल माझ्याच नावावर. परवा मीच डबाभर भडंग घेऊन गेले, म्हणलं वहिनी, दोष रिमचा निघाला, तुमच्या पोरांचा नाही. तेव्हा कुठं हसली बाई. या की अशा इकडं, जास्वंदीच्या बाजूला. तिथं तार वर आलीय, पदर अडकतोय.

तुम्ही माहेरी होता म्हणून पहिल्यापासनं सांगते. सांगलीचा माझा भाचा, थोरल्या भावाचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, इथं सातारच्या एमआयडीसीत लागलाय. खोली मिळेपर्यंत आत्याकडं. आला तो गाडी घेऊनच. आमच्या ह्यांनी नंबरप्लेट बघितली आणि म्हणले, "एमएच-अकरात एमएच-दहा आली. आता पार्किंगवरनं भांडणं." तोंडाला काय, चाळीस वर्षं एसटीच्या टायर सेक्शनला काढल्यावर माणूस असंच बोलणार.

गाडी म्हणजे ती फोक्सवॅगनची पोलो ओ, चाकणला बनायची ती. २०२२ ला कंपनीनं बंद केली, तेव्हापासनं पोरांना तिच्यावर जास्तच प्रेम आलंय. जुनीच घेतलीय, सेकंडहँड. गाडीला आमची ना नव्हती. पण चाकं! मागनं बघितलं तर रिम बाहेर आणि टायर आत. धाकट्या भावाचा शर्ट थोरल्यानं घातलाय आणि बटणं आता तुटतायत की मग, असं ते टायर रिमवर ताणून बसवलेलं. मी म्हणलं, "अरे, दुकानदारानं चुकीच्या मापाचं दिलं काय?" तर पोरगं माझ्याकडं असं बघतंय की मी त्याच्या देवाला नाव ठेवलं. "आत्या, ही स्टाइल आहे. विषय हार्ड."

स्टाइल कुठली तर जपानची. तिकडं ह्याला म्हणे हिप्पारी म्हणतात, ओढून बसवलेलं टायर. आणि युरोपात ऑस्ट्रिया देशात वोर्थरझी म्हणून मोठं तळं आहे, तिथं रायफनिट्झ नावाच्या गावात १९८२ पासनं त्या फोक्सवॅगन गाड्यांचा मेळा भरायचा. गावात दगडात कोरलेली अख्खी गाडी उभी केलीय. मला मोबाइलवर दाखवली. माणसं लांबनं लांबनं यायची, गाडीच्या चाकांकडं वाकून वाकून बघायची आणि परत जायची. मी म्हणलं, एवढ्या लांब जाऊन देव नाही, दर्शन नाही, चाक बघायचं? पण आमच्याकडं तरी काय कमी आहे. ट्रॅक्टरला गोंडे, आरसे, चार-चार कर्णे लावून ऊस कारखान्याला घालवणारी माणसं आपण. हौसेला आपण हसू नये.

तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं डावं चाक जमिनीला. पार रिमवर बसलेलं. पोरानं डिकीतला छोटा पंप लावला, हवा मारली, कामावर गेला. संध्याकाळी बघितलं तर टायर तसंच्या तसं टणक. रात्रभर काही झालं नाही. त्याच्या पुढच्या रात्री परत बसलं. मग मधे काही नाही, मग परत. आता एकसारखी रोज गेली असती तर कुणालाही कळलं असतं की पंक्चर आहे. पण आज जाते, उद्या जात नाही, म्हणल्यावर कॉलनीला काम मिळालं.

कोपऱ्यावरच्या काकांनी सांगितलं की त्यांनी रात्री कुणाला तरी गाडीशी वाकताना बघितलंय. काकांना चष्म्याशिवाय दिवसा दिसत नाही, पण असू दे. पलीकडच्या मावशींनी अमावास्या मोजली. एकीनं दृष्ट काढायला सांगितली, मी काढलीही, मिरच्या-मीठ ओवाळून. पोराच्या हौसेला कुणाची नजर लागणारच नाही असं कसं म्हणू? वॉचमननं मांजरावर ढकललं. मांजर हवा कशी सोडणार, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि बाकी सगळ्यांनी मिळून समोरची पोरं धरली, कारण मागं एकदा त्यांचा क्रिकेटचा चेंडू पोराच्या बॉनेटवर पडला होता आणि हा त्यांच्यावर ओरडला होता. झालं. कारण मिळालं की पुरावा कोण मागतंय?

पोरगं दोन पंक्चरवाल्यांकडं जाऊन आलं. एक गावातला, एक हायवेवरचा केरळी. दोघांनीही चाक काढलं, टाकीत बुडवलं, सगळीकडनं फिरवलं. एक बुडबुडा नाही. एकानं आपलं व्हॉल्व्ह बदलून दिलं, नवं असलेलं बरं म्हणून. दुसरा म्हणला, टायर चांगलं आहे, माणसं वाईट आहेत. म्हणजे बघा, तिथपर्यंत पण तेच!

आमचे हे गप्प. वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि पोरगं काय करतंय ते चष्म्यावरनं बघायचे. पोरगं पण मानी. मामाला, म्हणजे ह्यांना, विचारायचं नाही. मामा एसटीचा, ट्यूब आणि रिंगच्या टायरांतला. ह्याचं ट्यूबलेस, लो-प्रोफाइल, इंपोर्टेड. शेवटी मीच म्हणलं, "अहो, तुमची पोटात दुखायची वेळ झाली की सांगा, तोवर पोराची गाडी बघा." मग उठले.

आधी माझी शिवणाची टेप मागितली. मला वाटलं काय तरी गंमत करतायत. तर गाडीजवळ बसले आणि पोराला शिकवायला लागले. रिमवर लिहिलंय नऊ जे. म्हणजे काय, तर टायरचे दोन्ही काठ जिथं बसतात त्या दोन कडांमधलं अंतर नऊ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, नऊ गुणा तेवढं, साधारण २२९. आणि टायरवर काय लिहिलंय? १९५/४५ आर १६. म्हणजे टायर फुगून त्याच्या सगळ्यात रुंद जागी १९५. सगळ्यात रुंद जागी ओ! आणि ते घालायचंय २२९ च्या रिमवर. मापाच्या पुस्तकात ह्या टायरला सहा ते साडेसात जे एवढंच रिम लिहिलेलं असतं. हे दीड इंच वर गेलंय. "मामा, जगभर चालतंय," पोरगं म्हणलं. "चालतंय रे," हे म्हणले, "पण कशाच्या जिवावर, ते बघू."

मग सांगितलं ते मला पण कळलं, म्हणजे बघा किती सोपं असेल. टायरच्या काठाला बीड म्हणतात, आत पोलादी तार असते. ट्यूबलेस टायरला हवा धरायला दुसरं काहीच नाही, फक्त हा काठ रिमवर दाबून बसतो तेवढंच. रिमवर त्याची जागा थोडी उतरती असते, पाच अंशांची, आणि आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा, काठ आत घसरू नये म्हणून. नेहमीच्या टायरात भिंत सरळ उभी राहते, हवा काठाला बाहेर ढकलते, काठ रिमच्या कडेला घट्ट टेकतो. ताणलेल्या टायरची भिंत तिरकी. ती काठाला उलट आत ओढत असते. हवा भरपूर आहे तोवर हवा जिंकते. हवा थोडी कमी झाली, वळणावर गाडी झुकली, खड्डा लागला, की भिंत जिंकायला बघते. "म्हणजे ताणल्यामुळं हवा जाते, असं नाही," हे म्हणले. "ताणलेलं टायर नीट बसलं तर महिनोन् महिने हवा धरतं. पण साध्या टायरात जो बारीकसा दोष खपून जातो, तो ह्यात खपत नाही. आता तो दोष कुठं आहे, ते शोधायचं."

वहिनी, मला तिथंच पटलं की अख्खी कॉलनी 'कुणी' म्हणून विचारत होती आणि हा एकटा माणूस 'कुठनं' म्हणून विचारत होता.

मग बादली आली. माझा भांड्यांचा लिक्विड साबण अर्धी बाटली ओतला त्यात, आणि ब्रश म्हणून भिंतीला रंग लावायचा. आधी टायरमधे चाळीस पीएसआय हवा मारली. कमी हवेत बारीक गळती दिसत नाही म्हणे. मग बोटाला थुंकी लावली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर. हे मात्र जगात कुठंही जा, हीच पद्धत. फुगा आला नाही. मग व्हॉल्व्हची मान धरून इकडं-तिकडं वाकवली, बुडाशी साबण लावून. कारण रबर चिरलेलं असलं तर सरळ उभं असताना काही दिसत नाही, वाकलं की गळतं. तेही ठीक, नवंच होतं. मग टायरच्या नक्षीवरनं सगळीकडं साबण. खिळा नाही, काच नाही. मग बाहेरच्या काठावरनं. नाही.

पोरगं म्हणलं, "बघा. टाकीत पण काही दिसलं नव्हतं."

"टाकीत चाक एकटं होतं," हे म्हणले, "आता त्याच्यावर गाडी आहे."

आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरले! ह्या वयात! मला म्हणले, तुझा हातातला आरसा दे. माझा लग्नातला आरसा ओ, मागं मोर असलेला. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि पोराला म्हणले आतल्या काठावर साबण सोड. जमिनीला टेकलं होतं त्याच्या बरोबर वर, आतल्या बाजूला, सुरुवातीला काहीच नाही. पोरगं कंटाळून उठायला लागलं तर म्हणले, "थांब. मोठी गळती लगेच बोलते, बारीक गळतीला वेळ द्यावा लागतो." आणि खरंच थोड्या वेळानं तिथं पांढरा बारीक फेस धरायला लागला. बुडबुडे नाहीत, फेस. खडूनं रिमवर एक आणि टायरवर एक, अशी समोरासमोर खूण केली.

आता पुढचं ऐका. पोराला म्हणले, गाडी अर्धा फेरा पुढं ढकल. खूण वर गेली. परत साबण. फेस नाही! परत अर्धा फेरा. खूण खाली आली, फेस चालू! म्हणजे काय झालं होतं? ती एक जागा, गाडीचं वजन तिच्यावर आलं की टायरची भिंत दबायची, काठ केसभर उचलायचा आणि हवा जायची. वजन नसलं की काठ परत टेकायचा. म्हणून टाकीत बुडबुडा नाही. आणि म्हणूनच काही रात्री हवा जायची, काही रात्री नाही. गाडी लावताना ती जागा खाली आली तर सकाळी टायर जमिनीला. वर राहिली तर ठणठणीत. अमावास्या नाही, मांजर नाही, समोरची पोरं नाहीत. चाक कुठल्या बाजूवर थांबलं, एवढंच!

पोरगं तिथनं पुढं मामाला 'अहो मामा' म्हणायला लागलं. आधी नुसतं मामा होतं.

मग पोवई नाक्याच्या बाजूला ह्यांच्या ओळखीचं एक दुकान आहे, तिथं टायर उतरवायला नेलं. मी पण गेले, मला तरी काय, पुढं बाजार करायचाच होता. टायर उतरवलं तर आत रिमवर जिथं काठ बसतो तिथं काळा रंग पोपडे धरलेला, आणि पोपड्याखाली पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियम कुजलं की लाल गंज येत नाही, अशी पांढरी भुकटी येते. रंग दिसायला नवा. खाली सगळा असा कारभार. आणि आतल्या कडेला, खडूच्या खुणेशीच, बोटभर लांबीत कड वाकलेली. चाक मशीनवर फिरवलं आणि कडेजवळ पेन्सिल धरली, की तेवढ्या जागी पेन्सिल आणि कड ह्यांच्यामधली फट कमी-जास्त व्हायची. बाहेरनं हे दिसायचंच नाही, कारण खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो.

ह्यांनी पोराला विचारलं, "ही रिमं घेतली कुणाकडनं?" पोरगं चुळबुळ करायला लागलं. मग हळूहळू निघालं. सांगलीतच एकाकडनं जुनी घेतली, रंगवून दिलेली. आणि त्या माणसाची गाडी २०१९ च्या पुरात उभी होती. आता तुम्ही सातारच्या, तुम्हाला महापूर म्हणजे टीव्हीवरचा. आम्हाला विचारा. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमधे कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. भावाच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीला पाणी. त्या पाण्यात आणि गाळात कितीतरी गाड्या दिवसचे दिवस उभ्या राहिल्या, आणि नंतर त्यांचे भाग कुठं कुठं गेले, कुणी काय रंगवून विकले, ते कोण बघतंय? नुसत्या पाण्यानं एवढं झालं असेल असं हे म्हणत नाहीत. पण गाळ काठाखाली अडकून राहिला की ओल सुटत नाही, आणि त्यावर कुणी न घासता रंग मारला, की पुढचं पोपडे बघतात.

किंमत? तेच तर. बापाला वीस हजार सांगितलेत. मला अठ्ठावीस सांगितले. मामाला सांगितलंच नाही. खरा आकडा ह्या तिन्हींच्या वर असणार, लिहून ठेवा.

बरं, त्या दुकानातल्या पोरानं सांगितलं, काळजी करू नका, आत ट्यूब टाकून देतो. ह्यांनी हात जोडले. ताणलेल्या टायरात ट्यूब घातली की ती नीट पसरत नाही, घड्या पडतात, घासते, तापते, आणि मग हळूहळू गळायच्या ऐवजी एका झटक्यात जाते. हळू गळती म्हणजे तरी सांगून जाणारा पाहुणा आहे, म्हणले.

तीन रिमं वाचण्यासारखी होती. ती पितळी तारेच्या ब्रशनं घासली, मग बारीक पॉलिश पेपर, हात फिरवला तर गुळगुळीत लागेपर्यंत. धातू खरवडायचा नाही, फक्त भुकटी आणि पोपडे काढायचे. टायरचा काठही कापडानं पुसून बघितला, बसवताना टॉमीनं फाडलेला नाही ना. फाटलेला असता तर टायरच टाकून द्यावं लागलं असतं. मग काठावर ते काळं बीड सीलर मिळतं त्याचा पातळ हात, आणि घसरायला टायरचा साबण. ग्रीस नाही, ऑइल तर अजिबात नाही. पोराच्या सांगलीतल्या मित्रानं ग्रीस लावायला सांगितलं होतं म्हणे. ग्रीस रबराला खातं आणि वर टायर रिमवर फिरतं.

खरी मजा पुढं. रुंद रिमवर अरुंद टायर. दोन्ही बाजूंना काठ आणि कड ह्यांच्यात चार बोटं फट. कॉम्प्रेसर लावला की हवा इकडनं आत, तिकडनं बाहेर. नुसता फुस्स आवाज. पोरानं मोबाइल काढला, व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा माणूस टायरमधे कसला तरी स्प्रे मारतो, काडी लावतो, ढम्म! आणि टायर बसतं. "मामा, आपण पण..." एवढंच म्हणलं पोरगं. ह्यांचा चेहरा मी एसटीतल्या अपघाताच्या दिवशी बघितला होता तसा झाला. ट्रकच्या रिंगा उडून माणसं कशी जातात ते बघितलेला माणूस आहे. त्या स्फोटात किती दाब झाला ते कुठल्या काट्यावर दिसत नाही. टायरची आतली तार तुटली तर कळत नाही. आणि कळतं तेव्हा तोंड समोर असतं. मोबाइल खिशात घालायला लावला.

मग माल बांधायचा रुंद पट्टा आणला, टायरच्या नक्षीवरनं गोल गुंडाळला आणि आवळला. टायर मधनं दबलं की काठ दोन्ही बाजूंना फाकतात. व्हॉल्व्हची आतली पिन काढून ठेवली, म्हणजे हवा भस्सकन आत जाईल. परत कॉम्प्रेसर. एका बाजूनं टक्क, मग दुसऱ्या बाजूनं टक्क. दोन आवाज आले पाहिजेत, एकावर समाधान मानायचं नाही. आणि चाळीस पीएसआयच्या वर जायचं नाही. बऱ्याच टायरांवर तसं लिहिलेलंच असतं, बारीक अक्षरात, कुणी वाचत नाही. चाळीसला बसलं नाही तर हवा सोडा, परत साबण लावा, परत करा. जोर वाढवायचा नाही. पट्टा आधी सैल करायचा, मग पिन घालायची. तिन्ही चाकं रात्रभर आमच्या गच्चीच्या जिन्याखाली ठेवली आणि सकाळी काट्यावर बघितली. तसूभर हललं नव्हतं.

चौथ्याचं मात्र ह्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. पोलादी डिस्क असती तर कड ठोकून सरळ केली असती. हे ओतीव अलॉय. गार ठोकलं तर तडकतं, तापवून वाकवलं तर त्याचा कस जातो. आतल्या बाजूला वेल्डिंग करून देणारे आहेत. बसव म्हणणारा मी नाही, म्हणले.

मधेच एक गंमत राहिली. मागच्या जानेवारीत पोरगं मित्रांबरोबर महाबळेश्वरला गेलं होतं. सांगलीत दुपारी उन्हात हवा भरली, ३२. पहाटे वर गाडीतल्या काट्यावर बघितलं तर २९. तेव्हा त्यानं ठरवलं की चारही चाकं गळतात, आणि तेव्हापासनं दर पेट्रोल पंपावर थांबायची सवय लागली. ह्यांनी सांगितलं, वेड्या, ती थंडी होती. ३८ अंशांत भरलेली हवा बारा अंशांवर गेली की पावणेचार-चार पीएसआय आपोआप उतरते. वर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून त्यातला एखादा काट्यावर परत मिळतो. चारही चाकं सारखी उतरली तर गळती शोधायची नाही, आभाळाकडं बघायचं. एकच उतरलं तर बादली. आणि धडधाकट टायर पण महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतंच. मी विचारलं, मग ती नायट्रोजन भरतात ती? तर पोराकडं बघून म्हणले, आपल्या फुकटच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, वरच्या बावीस टक्क्यांचे पैसे देतोस ते तुझं तू बघ. काठ उचलला तर नायट्रोजन पण त्याच वाटेनं जातो.

पोरानं मग शेवटचा डाव टाकला. "मामा, मग मी ह्याच रिमला योग्य मापाचं टायर घालतो." घाल की! नऊ जेला नीट बसायचं तर २४५ च्या आसपासचं टायर पाहिजे. ते पोलोच्या मडगार्डात जाईल कुठं? वळवलं की घासणार. म्हणजे रिमला धरून टायर घ्यावं तर गाडी नको म्हणते, गाडीला धरून घ्यावं तर रिम नको म्हणतं. शिवाय वजनाचं बघा. टायरवर ८४ आकडा म्हणजे ५०० किलो, पण तो मापाच्या रिमवर, मापाच्या हवेत. पोरगं सांगलीहनं येताना चार माणसं, डिकीत दोन पोती हळकुंडं आणि भडंगाचे डबे घेऊन पेठ नाक्यावरनं आलं होतं. त्यातलं एक पोतं माझं होतं, म्हणून मी तिथं काही बोलले नाही.

कायद्याचं ह्यांनी थोडक्यातच सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ५२: कंपनीनं दिलेल्या गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच ठासून सांगितलं. हवालदार एक वेळ सोडेल, पण उद्या काही झालं आणि इन्शुरन्सवाल्यानं टायरचं माप काढलं, तर काय दाखवणार? पोरगं तेवढ्यानं हललं असतं असं मला वाटत नाही. ते हललं दुसऱ्याच कारणानं.

कारण काय, तर कऱ्हाडकडचं एक स्थळ आलंय. मुलगी फलटणला बँकेत आहे. सांगायचं नव्हतं अजून, पण तुम्ही कुठं बाहेर बोलता? मुलीचे वडील आरटीओत होते, गेल्याच वर्षी रिटायर झाले. बघायचा कार्यक्रम आमच्याकडंच ठरलाय. त्या दिवशीच संध्याकाळी पोरानं भावाला फोन लावला, "अप्पा, माळ्यावरची गाडीची जुनी चाकं पाठवून द्या." कलम ५२ न झालेलं काम एका रिटायर्ड माणसानं न येताच केलं.

आता ती रुंद रिमं आमच्या जिन्याखाली आहेत. मी झाडू मारायला गेले की गुडघ्याला लागतात. पोरानं विकायला काढलीत, चारीच्या चारी. काल एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, कोल्हापूरकडचं. त्याच्या आधी ह्यांनी वाकड्या रिमवर आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलं होतं, "कड वाकडी, हवा जाते." पोरानं ओल्या फडक्यानं पुसलं. ह्यांनी परत लिहिलं. पोरानं परत पुसलं. आज सकाळी बघते तर गेटाला लावून उरलेला ऑइलपेंट घेऊन हे जिन्याखाली बसलेले, आणि पोरगं दारात उभं राहून म्हणतंय, "अहो मामा, निदान बारीक अक्षरात तरी लिहा की ओ."